अर्फूदचा दगड घरी आणण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत मोरोक्कोच्या सहलींवर अलीकडे बरेच लिहून येते. त्यात मेर्झूगाच्या वाळूच्या टेकड्या असतात, उंट असतात, तंबूतली रात्र असते. वाटेत लागणाऱ्या अर्फूद गावाच्या वाट्याला मात्र एखादीच ओळ येते, 'इथे जीवाश्मांची दुकाने आहेत, खरेदीला वाव.' आम्ही काही जण भूशास्त्र शिकवतो, काही जण दगडातून जीवाश्म मोकळे करण्याचे काम करतो. महाराष्ट्रातल्या घराघरांत शोकेसमध्ये येऊन बसलेले अर्फूदचे दगड आता आमच्याकडे ओळख पटवायला येऊ लागले आहेत. त्यांतले पुष्कळ खरे असतात, काही अर्धे खरे आणि काही निव्वळ ओतीव. जवळजवळ एकाही दगडासोबत तो कुठून निघाला याची चिठ्ठी नसते. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत.

अर्फूद हे आग्नेय मोरोक्कोत झीझ नदीच्या काठी, खजुरीच्या बागांच्या कडेला वसलेले छोटे गाव. फ्रेंचांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लष्करी ठाणे म्हणून ते वाढवले. दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर रिसानी आहे, तिथे सिजिल्मासा या मध्ययुगीन व्यापारी शहराचे अवशेष आहेत. त्यापुढे मेर्झूगाची वाळू सुरू होते. पाऊस नगण्य, झाडोरा नाही, माती नाही. भूशास्त्राच्या दृष्टीने हेच या भागाचे भाग्य, कारण दगडाचे थर उघडेच पडलेले आहेत आणि एकच थर डोंगराच्या कडेने किलोमीटर-किलोमीटर नजरेने धरून चालत जाता येते. आपल्याकडे सह्याद्रीत अशी सवय डोळ्याला लागत नाही. आपला काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यात शंख-शिंपले सापडायचे ते फक्त दोन लाव्ह्यांच्या मध्ये अडकलेल्या गाळाच्या पातळ पट्ट्यांत. अर्फूदच्या आसपास मात्र समुद्राचा तळच्या तळ वर आलेला आहे.

हा समुद्र मुख्यतः सिल्युरियन आणि डेव्होनियन काळातला, म्हणजे ढोबळ मानाने ४३ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा हा भूभाग गोंडवन या प्राचीन महाखंडाच्या कडेला, दक्षिण गोलार्धात होता. अर्फूदच्या पूर्वेला हमार लाघदाद नावाच्या रांगेत समुद्रतळावर तयार झालेले चुनखडीचे शंकूसारखे डोंगर अजून जसेच्या तसे उभे आहेत, त्यांतले काही ५० मीटरच्या आसपास उंच आहेत. तळातून वर येणाऱ्या द्रवांच्या झऱ्यांपाशी ते वाढले, असे अभ्यासक मानतात. सहलीची बस तिकडे जात नाही. जीप मात्र जाते, आणि ज्याला या गावाचे खरे अप्रूप बघायचे आहे त्याने दुकानाआधी हे डोंगर बघावेत.

आता दुकानात काय असते ते बघू. दारातून आत गेल्यावर पहिल्यांदा दिसते ते काळ्या चकचकीत दगडातले पांढरे, पेन्सिलीसारखे निमुळते आकार. विक्रेते त्याला 'ऑर्थोसेरास' म्हणतात आणि दगडाला 'मार्बल'. दोन्ही नावे चुकीची आहेत. मार्बल म्हणजे उष्णतेने आणि दाबाने पार बदललेला चुनखडक. तसा तो बदलला असता तर आतले जीवाश्म शिल्लकच राहिले नसते. हा साधा चुनखडक आहे, आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच्या कडप्प्याच्या जातीचा. आणि ऑर्थोसेरास ही खरी प्रजाती बाल्टिक भागातल्या, याहून जुन्या दगडातली. अर्फूदचे प्राणी त्याच घराण्यातले, पण वेगळे. कोकणातल्या जाळ्यात येणाऱ्या माकुळाचे हे दूरचे नातलग, फक्त यांच्या अंगाबाहेर सरळ शंकूसारखे कवच असे. कवचात एकामागोमाग एक कप्पे, कप्प्यांच्या भिंती एकात एक ठेवलेल्या वाट्यांसारख्या वाकलेल्या, आणि सगळ्या कप्प्यांतून आरपार जाणारी एक नळी. प्राणी मेल्यावर रिकामे कप्पे कॅल्साइट या पांढऱ्या खनिजाने भरले. भोवतीचा गाळ प्राणवायू कमी असलेल्या तळावर साचल्याने सेंद्रिय अंश न कुजता राहिला आणि दगड काळा झाला. काळ्यावर पांढरे हे जे देखणेपण आहे, त्याचे कारण एवढेच.

त्याच्या शेजारी तपकिरी दगडात गोल, गुंडाळलेले शंख दिसतात. ते गोनियाटाइट. देवघरातल्या शाळीग्रामाच्या आत जो ॲमोनाइट असतो, त्याच्या घराण्यातले हे कितीतरी जुने पूर्वज. शाळीग्राम गंडकीच्या खोऱ्यातला आणि ज्युरासिक काळातला, म्हणजे गोनियाटाइटच्या मानाने वीस कोटी वर्षांनी धाकटा.

या दोन वस्तू लहान आकारात, तळहाताएवढ्या, बहुतेक वेळा खऱ्याच असतात. कारण सोपे आहे. कच्चा माल टनांनी निघतो, आणि खोटा बनवायला जेवढे कष्ट पडतील त्याहून कमी कष्टात खरा तयार होतो. जीवाश्मांच्या बाजारात खोटेपणा कुठे शोधायचा, याचा हाच नियम आहे. जिथे खऱ्याला मेहनत फार लागते किंवा खरा अखंड क्वचित मिळतो, तिथे बारकाईने बघायचे.

म्हणून ऑर्थोसेरासच्या बाबतीत संशय घ्यायचा तो मोठ्या टेबलांवर, थाळ्यांवर आणि बेसिनवर. अखंड दगडातून कापलेल्या फरशीत शंकू बरेचसे एका दिशेने पडलेले असतात, कारण तळावरच्या प्रवाहाने ते तसे लावले. मधल्या जागेत कवचांचे बारीक तुकडे, अर्धवट कापलेले शंकू, पांढऱ्या शिरा असा पसारा दिसतो. काही शंकू मधोमध कापले गेलेले असतात, त्यांत ती नळी दिसते. काही कडेने कापलेले, त्यांत नळी दिसत नाही आणि कप्पे भलत्याच कोनात दिसतात. याउलट, सुटे शंकू कापून काळा रंग घातलेल्या सिमेंटात किंवा रेझिनमध्ये बसवलेले टेबल असेल, तर शंकू रांगोळीतल्या पाकळ्यांसारखे नीट मांडलेले असतात, सगळे सारखे जाड, सगळे मधोमध कापलेले, आणि मधला काळा भाग एकसारखा, काजळासारखा. खात्री करायला कडेवरून बोट फिरवा आणि कड डोळ्यांजवळ आणून बघा. खऱ्या फरशीत कापलेला जीवाश्म कडेवरही चालू राहतो आणि खालच्या बाजूला त्याचा माग निघतो. बसवलेल्या तुकड्याभोवती कडेवर जोडाची रेघ दिसते. अशा टेबलातले शंकू खरेच असतात, तेव्हा त्याला फसवणूक म्हणायचे की नाही, हे विक्रेता काय सांगून विकतो यावर आहे. 'जोडकाम आहे' असे सांगून विकले तर ती उत्तम कारागिरी. 'एकाच दगडातून निघाले' असे सांगितले तर खोटे.

घासकामाबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण चकाकी कशाने आली आहे यावर दगड किती वर्षे टिकणार हे ठरते. ठोकळा पाण्याच्या धारेखाली डायमंड ब्लेडने कापतात, साधारण दोन-तीन सेंटिमीटर जाडीचे काप काढतात. मग ६० किंवा ८० नंबरच्या भरड दाण्यापासून १२०, २२०, ४००, ८०० असे चढत जातात आणि शेवटी नमद्यावर पॉलिशची पावडर लावून चकाकी आणतात. प्रत्येक टप्प्याचे काम आधीच्या टप्प्याचे ओरखडे पूर्ण काढण्याचे. घाईत मधला एक नंबर गाळला की भरड ओरखडे तसेच राहतात, पांढऱ्या दगडावर ते खपून जातात, काळ्यावर राखाडी जाळीसारखे उमटतात. मग ते झाकायला तेल, मेण किंवा वॉर्निश फासतात. फरशी उजेडाकडे तिरपी धरा. दगडाची स्वतःची चकाकी आरशासारखी सपाट असते, वॉर्निशची चकाकी किंचित लाटालाटांची असते आणि खोलगट जागी थेंब साचलेले दिसतात. विक्रेत्याची परवानगी घेऊन मागच्या कोपऱ्यात कापसाने नेलपॉलिश रिमूव्हर लावले तर वॉर्निश चिकट होऊन निघते. कोरडे कापकाम करणाऱ्या कारखान्यांत धूळ इतकी उडते की समोरचा माणूस दिसत नाही. कामगाराच्या तोंडाला बांधलेल्या फडक्याने ती अडत नाही. पाण्याखाली काम चालणाऱ्या जागेहून माल घ्यावा, असे आम्हांला वाटते, आणि ते फक्त पॉलिशसाठी नाही.

खरी मेहनत आणि खरा घोळ आहे तो ट्रायलोबाइटमध्ये. हा सांधेपायांचा समुद्री प्राणी, खेकडे-विंचवांच्या मोठ्या गोतावळ्यातला, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी कायमचा नाहीसा झाला. अर्फूदच्या दुकानांत दिसणारे बरेचसे काटेरी नमुने पश्चिमेकडच्या अल्निफ गावाच्या परिसरातून, इसूमूर डोंगरासारख्या जागांवरून येतात. तिथे ट्रायलोबाइटचा थर कित्येकदा वीतभरही जाड नसतो. खोदणारे, त्यांतले बरेच आयत अत्ता या अमाझिग (बर्बर) जमातीचे, डोंगराच्या कडेने तोच एक थर धरून चर खणत जातात. वरचा निरुपयोगी दगड बाजूला काढायचा, थराचे ढेकूळ हातोडीने फोडायचे आणि फुटलेल्या कडेवर बघायचे. अखंड ट्रायलोबाइट बाहेरून कधीच दिसत नाही. दिसते ती फक्त त्याच्या कवचाची आडवी कापलेली, केसाएवढी गडद कमान. ती दिसली की दगडाचे दोन्ही तुकडे एकत्र बांधून ठेवायचे. एक तुकडा हरवला तर प्राण्याचा अर्धा भाग गेला.

पुढचे काम घरात किंवा कार्यशाळेत. दोन तुकडे फेविक्विकसारख्या झटपट गोंदाने तंतोतंत जोडतात. मग हवेच्या दाबावर थरथरणारी बारीक टोकाची छिन्नी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली वरचा दगड कणाकणाने उडवतात. कवचाच्या अगदी जवळ आल्यावर छिन्नी थांबवून हवेच्या झोतातून बारीक पावडर मारतात. यासाठी खाण्याच्या सोड्यासारखी पावडर लागते, कारण ती कॅल्साइटच्या कवचाहून मऊ असते आणि कवच न खरवडता भोवतीचा नरम दगड तेवढा काढते. झोताचा दाब थोडा वाढला किंवा एका जागी तो जास्त वेळ थांबला तर कवचावरचे बारीक दाणे पुसले जातात आणि प्राणी साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होतो. वॉलिसेरॉप्स या ट्रायलोबाइटच्या नाकापुढे त्रिशूळ असतो, डायक्रॅनुरसच्या डोक्यावर मेंढ्यासारखी वळलेली शिंगे असतात, कोमुराच्या पाठीवर सरळ उभ्या काट्यांची रांग असते. हे काटे दगडापासून पूर्ण सुटे करायला तासांमागून तास लागतात, दिवस लागतात. एर्बेनोकायलीचे डोळे तर मनोऱ्यासारखे उभे, वर उन्हाची झापड असलेले. इतके काम केलेला नमुना चहाच्या किमतीत मिळत असेल तर तो ओतीव आहे, यात शंका घ्यायचे कारण नाही.

ओतीव ओळखायला दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरे. खऱ्या नमुन्याचा साचा घेऊन त्यात रेझिन आणि दगडाची भुकटी ओततात. ओतताना हवा अडकते, म्हणून पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी गोल भोके दिसतात. दगडात अशी गोल भोके नसतात. डोळे बघा. फॅकॉप्सच्या कुळातल्या ट्रायलोबाइटच्या डोळ्यांत प्रत्येक भिंग वेगळे, गोल, ओळीत बसवलेले असते, सुट्या डोळ्यांनीही मोजता येईल इतके मोठे. ओतीव नमुन्यात ही भिंगे बुजून मक्याच्या जुन्या कणसासारखी एकमेकांत मिसळलेली दिसतात. तिसरी खूण तड्याची. वर सांगितले तसा खरा ट्रायलोबाइट दगड फोडल्याशिवाय सापडत नाही, तेव्हा जोडलेला तडा दगडातून येऊन प्राण्याच्या अंगावरून जाऊन पुन्हा दगडात शिरलेला दिसला पाहिजे. गिऱ्हाईक हा तडा बघून नमुना खाली ठेवते आणि बिनतड्याचा उचलते. नेमके उलटे करायला हवे. आणि शेजारच्या फळीवर त्याच जागी, त्याच वळणाचा तडा असलेला दुसरा नमुना दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातले.

याहून अवघड प्रकार अर्ध्या खऱ्याचा. अंग खरे, पण काटे गाडीचा पोचा भरायला वापरतात त्या लांबीने (पुट्टीने) घडवलेले. किंवा डोके एकाचे, शेपूट दुसऱ्याचे. किंवा ओतीव प्राणी खऱ्या दगडावर चिकटवलेला आणि भोवतीचा जोड दगडाची भुकटी व गोंद लिंपून लपवलेला. अशा वेळी प्राण्याभोवती बोटभर रुंदीचे वेगळ्या छटेचे रिंगण दिसते, किंवा तेवढ्याच भागात मुद्दाम मारलेले छिन्नीचे ओरखडे दिसतात. अतिनील उजेडाची छोटी टॉर्च जवळ असेल तर दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात मारून बघा. गोंद आणि लांबी बहुतेक वेळा दगडाहून वेगळी, निळसर-पांढरी चमकते. थोडी दुरुस्ती असणे हा दोष नाही, काटेरी नमुन्यात ती जवळपास अटळ आहे. प्रश्न एवढाच विचारायचा की मूळचे किती आणि भरलेले किती. तिथे फ्रेंच बहुतेकांना कळते, काट्यावर बोट ठेवून 'रेस्तोरे?' (दुरुस्त केलेले?) म्हटले तरी भागते. ज्याचे काम चांगले आहे तो विक्रेता स्वतः दाखवून देतो.

वीतभर लांबीचे, पसरट, काळे किंवा नारिंगी ट्रायलोबाइट हिरवट-तपकिरी दगडावर मांडलेले दिसतील. ते पॅराडॉक्सिडीसच्या कुळातले, कँब्रियन काळातले, सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचे म्हणून विकतात. खरे नमुने मिळतात, पण ते दबलेले, मोडलेले आणि दगडाच्याच रंगाचे असतात. उठून दिसणारा काळाभोर रंग हा बहुधा रंगच असतो, आणि पुष्कळदा खाली दगडातच कोरलेला आकार असतो. एका फळीवर असे चार-पाच अखंड प्राणी असतील तर पुढे चला.

आता दातांविषयी. अर्फूदच्या दक्षिणेला आणि पूर्वेला, अल्जीरियाच्या सरहद्दीकडे, केम केम नावाने ओळखले जाणारे तांबड्या वालुकाश्माचे कडे आहेत. हे थर सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीचे, मोठ्या नद्यांच्या गाळाचे. दुकानाच्या एकाच मेजावर ट्रायलोबाइट आणि डायनासोरचा दात शेजारी ठेवलेले असतात, पण त्या दोघांत ट्रायलोबाइट आणि आपण यांच्यातल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त काळ गेलेला आहे. दात आणि हाडे असलेला थर पातळ असल्याने खोदणारे कड्यात आडवी, बसून सरकता येईल एवढीच बिळे पाडतात, आधाराला काही नसते. वालुकाश्म भुसभुशीत, छत कधीही खाली येऊ शकते.

स्पायनोसोरस या डायनासोरचा दात उभट, मगरीच्या दातासारखा गोलसर, अंगावर बारीक उभ्या रेघा आणि कडांना करवत नाही. कार्कारोडोंटोसोरसचा दात चपटा, सुरीसारखा, दोन्ही कडांना करवत. स्पायनोसोरसचे दात मुबलक मिळतात, म्हणून छोटे सुटे दात खरे असण्याची शक्यता बरीच. लांबलचक, मुळासकट अखंड दात मात्र बऱ्याचदा दोन-तीन दातांचे तुकडे जोडून, सांधा वाळू-गोंदाने भरून केलेला असतो. रेघा सांध्यावर तुटतात का, मुळाचा घेर टोकाच्या घेराशी जुळतो का, हे बोटात फिरवत बघायचे. दगडात रुतलेला जबडा आणि त्यात ओळीने दात असे दिसले तर ते बहुतेक खूरीबगाच्या फॉस्फेट खाणीतले मोसासोर या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचे सुटे दात वाळूच्या लगद्यात बसवलेले असतात. त्या खाणी अर्फूदपासून फार दूर, अॅटलासच्या पलीकडे आहेत.

जागेच्या चिठ्ठीचा आम्ही सुरुवातीला उल्लेख केला, त्याचे कारण स्पायनोसोरसच सांगतो. जर्मन अभ्यासक अर्न्स्ट श्ट्रोमर यांनी १९१५ साली इजिप्तमधल्या सांगाड्यावरून या प्राण्याला नाव दिले. तो सांगाडा म्युनिकच्या संग्रहालयात होता आणि एप्रिल १९४४ मध्ये बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला. नंतर कित्येक दशके जगाकडे रेखाचित्रे, छायाचित्रे आणि सुटे तुकडे एवढेच उरले. २००८ साली निझार इब्राहिम या संशोधकाला अर्फूदमध्ये एका जीवाश्म विकणाऱ्याने पुठ्ठ्याच्या खोक्यातली काही हाडे दाखवली. पुढे इटलीत मिलानच्या संग्रहालयात पोचलेली हाडे इब्राहिमने बघितली आणि त्यांचा दगड, रंग सारखाच आहे हे त्याच्या लक्षात आले. म्हणजे दोन्ही एकाच प्राण्याची असू शकत होती, पण ती निघाली कुठून हे फक्त त्या विक्रेत्याला माहीत. इब्राहिमला त्याचे नाव ठाऊक नव्हते, मिशा तेवढ्या आठवत होत्या. २०१३ साली अर्फूदच्या कॅफेत तो माणूस योगायोगाने पुन्हा दिसला. त्याने खड्ड्याची जागा दाखवली, तिथे आणखी हाडे निघाली, आणि २०१४ साली त्यांवरून स्पायनोसोरसचे नवे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याच जागी पुन्हा खोदल्यावर मिळालेल्या शेपटीवरून २०२० साली हा प्राणी शेपटीने पोहत असावा असे मांडले गेले. हाडे आता कासाब्लांकाच्या विद्यापीठात आहेत. तो माणूस त्या दिवशी चहा प्यायला दुसऱ्या कॅफेत बसला असता, तर यातले काही झाले नसते. दगडासोबत जागेचे नाव लिहिलेला एक कागद असता तर योगायोगाची गरजच नव्हती.

त्यामुळे हाडे, कवट्या, सांगाड्याचे भाग प्रवाशाने घेऊच नयेत असे आमचे स्पष्ट मत आहे. मोरोक्कोने २००३ साली युनेस्कोचा १९७० चा करार मान्य केला, भारताने तो १९७७ सालीच केला होता. त्या करारात सांस्कृतिक वारशाच्या वस्तूंबरोबर जीवाश्मशास्त्राच्या दृष्टीने मोलाच्या वस्तूही येतात. मोरोक्कोतून जीवाश्मांची निर्यात करायला तिथल्या खाण खात्याची परवानगी लागते. फ्रेंच कस्टम्सने पकडलेल्या सुमारे २५,००० वस्तू २०२० साली मोरोक्कोला परत केल्या गेल्या, त्यांत ट्रायलोबाइटही होते. पॉलिश केलेला ऑर्थोसेरास किंवा गोनियाटाइट भेटवस्तू म्हणून नेणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही, तरी दुकानाची छापील पावती सोबत असावी.

काहींना वाटते की विकत घेणेच बंद करावे. आम्हांला ते पटत नाही. बायूद या बुरशीच्या रोगाने मोरोक्कोच्या खजुरीच्या बागा उद्ध्वस्त केल्या, दुष्काळाने कळप संपवले, आणि या भागातल्या कित्येक कुटुंबांना जीवाश्मांनी तगवले. अल्निफच्या डोंगरावर चर खणणाऱ्यांचे डोळे नसते तर त्रिशूळवाल्या ट्रायलोबाइटला विज्ञानात नावही मिळाले नसते. त्यांच्याकडून घ्यावे, पण नीट बघून, योग्य दाम देऊन आणि कागद मागून. त्या कागदावर पाच गोष्टी हव्यात: प्राण्याचे नाव, जागेचे नाव (नुसते 'मोरोक्को' किंवा 'सहारा' चालणार नाही, डोंगर किंवा गाव हवे), थराचा काळ, साफ कोणी केले, आणि किती भाग भरलेला आहे. कागद हरवतो, म्हणून दगडाच्या मागच्या बाजूला जलरोधक शाईने जागेचे नाव लिहून ठेवा.

सामानाचा हिशेब आधीच करा. या दगडाचे वजन घन सेंटिमीटरला सुमारे २.७ ग्रॅम. ६० बाय ६० सेंटिमीटरची, दोन सेंटिमीटर जाडीची फरशी १९ किलोच्या वर भरते, म्हणजे विमानातली एक बॅग संपली. फरशी आडवी ठेवून नेली तर मधे मोडते, आणि मोडते ती बहुधा शंकूच्या कडेने, कारण पांढरे कॅल्साइट आणि काळा दगड यांचा सांधा हाच तिचा कच्चा भाग. ती लाकडी चौकटीत उभी, कडेवर ठेवून न्यावी. काटेरी ट्रायलोबाइट असेल तर काट्यांना कापूस लावू नका, धागे अडकून काटे तुटतात. डब्यात फोम कापून दगडाला धरून ठेवायचे आणि प्राण्याभोवती मोकळी जागा सोडायची.

घरी आल्यावर लिंबू, चिंच, कोकम, ताक, टोमॅटो यांपैकी काहीही या दगडावर सांडले आणि मिनिटभर राहिले की पॉलिश खाऊन पांढरा डाग पडतो. कडप्प्याच्या ओट्यावर हे सगळ्यांनी पाहिलेले आहे. बाथरूमचे ॲसिड तर जवळही आणू नये. कॅल्साइट लोखंडाहून मऊ, त्यामुळे भांडी घासायच्या तारेच्या चोथ्याने ओरखडे पडतात. कोमट पाणी, सौम्य साबण, सुती फडके एवढे पुरे. वाळू-गोंदाने जोडलेला दात किंवा जबडा घेतलाच असेल तर तो पावसाळ्यात बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, दमट हवेत तो जोड सैल पडतो.

शेवटी सहल कंपन्यांना एक विनंती, आपल्या वृत्तपत्रामार्फत. अर्फूदला वीस मिनिटांचा थांबा देऊन बस थेट दुकानाच्या दारात लावू नका. दोन तास द्या. अर्फूद-रिसानी रस्त्यावरचे ताहिरी जीवाश्म संग्रहालय आधी दाखवा, म्हणजे खरा नमुना कसा दिसतो ते डोळ्यांत बसेल. मग पाण्याखाली दगड कापणारी आणि सूक्ष्मदर्शकाखाली ट्रायलोबाइट साफ करणारी एखादी कार्यशाळा दाखवा. मार्गदर्शकाच्या पिशवीत दहापटीची दोन भिंगे, एक अतिनील टॉर्च आणि पाच रकाने छापलेल्या कोऱ्या चिठ्ठ्यांचे पॅड असू द्या. आणि आपणही पुढच्या वेळी अर्फूदचे छायाचित्र छापाल तेव्हा खाली 'संगमरवर' छापू नका, 'चुनखडक' छापा.

आपले,
भूशास्त्राचे काही शिक्षक आणि जीवाश्म-कारागीर, पुणे